फोटोतला उसना हात

लग्न होऊन मी शहापुरात आले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या कामाला गावात कुणी काम म्हणत नव्हतं. “थोरला काय करतो?” असं कुणी विचारलं, की आळीतली माणसं म्हणायची, “काचा धुतो.” आणि हसायची. माझे सासरे जवळपास असले तर हसू तोंडातल्या तोंडात दाबायची. पण मामंजींना दाबलेलं हसूसुद्धा ऐकू यायचं. त्या दिवशी ते जेवताना कुणाशी बोलत नसत.

माझं माहेर डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भात, नाचणी आणि सुगी सरली की कामासाठी बाहेर पडणारी माणसं, एवढंच आम्हाला ठाऊक. आमच्या घरात कुणाचा फोटो नव्हता. लग्न ठरताना ‘मुलगा फोटो काढतो’ असं सांगितलं, तेव्हा माझ्या आईला वाटलं, तो भिंतीवर देवांची चित्रं काढत असेल. तिनं आनंदानं होकार दिला.

यजमान कल्याणला एका फोटोवाल्याकडे चार वर्षं राहून काम शिकले होते. तिथून येताना तिकाटण्यावरचा एक जुना लाकडी कॅमेरा, काळं कापड आणि ज्यांच्यावर फोटो उमटतो त्या काचांच्या पेट्या घेऊन आले. घरामागच्या परसात त्यांनी कुडाची एक खोली उभी केली आणि वर कौलांऐवजी पांढरं मांजरपाट कापड ताणून बसवलं. त्यातून ऊन गाळून आल्यासारखं खाली पडायचं. मागे रंगवलेला पडदा होता. त्यावर खांब, संगमरवरी जिना आणि तळ्यात दोन हंस. शहापुरात असा जिना कुणी बघितला नव्हता, पण त्याच्यासमोर बसायला सगळ्यांना आवडायचं.

मामंजींना मात्र त्या खोलीचा राग होता. ते तरुणपणी कुस्ती खेळलेले. म्हसा गावच्या जत्रेत उधळलेला बैल त्यांनी शिंगं धरून थांबवला होता, असं लोक सांगायचे. मिशा अशा, की टोकं गालांच्याही बाहेर दिसायची. त्यांचा थोरला मुलगा सडपातळ, मिशी सफाचट, आवाज हळू. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की यजमान त्याच्या कपाळावरचा घाम टिपायचे, नाकाला पावडर लावायचे, टोपी नीट करायचे. मामंजींनी ते एकदा दारातून बघितलं.

“बाप्यानं बाप्याच्या तोंडाला पावडर लावायची?” ते म्हणाले. “हा काय बाप्याचा धंदा हाय?”

यजमान म्हणाले, “पावडर नाय लावली तर नाक चमकतं, बाबा.”

“चमकू दे! नाक हाय ते!”

गिऱ्हाईकानं ते ऐकून पावडर पुसून टाकली. फोटोत त्याचं नाक खरोखरच दिव्यासारखं आलं, आणि दुसऱ्या दिवशी तो तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा.

लग्नानंतर वर्षभरात मी रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग झाकायचं काम, शिकले. रांगोळीचा चौक काढताना माझी रेघ हलत नाही, हे यजमानांनी दिवाळीत बघितलं होतं. त्यांनी मला उतरत्या लाकडी घोडीसमोर बसवलं. तिच्यात काच उभी करायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं काचेवर बारीक टिंबं द्यायची. काचेवर सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं. गावातल्या सगळ्या पुरुषांना मी पहिल्यांदा असं उलटं बघितलं, पांढऱ्या मिशा, पांढरी बुबुळं आणि त्यांच्याभोवती काजळासारखे काळे डोळे. समोरून बघायची तर सोय नव्हती. पुरुष आले की पदर पुढे ओढून आत जायचं. पण काचेत ते तास-तासभर माझ्यासमोर बसलेले असायचे.

पुरुष काय मागायचे, ते यजमान मला आत येऊन सांगायचे. देवीचे वण घालवा. खांदे जरा रुंद करा. आणि सगळ्यात जास्त मागणी म्हणजे, मिशी भरा. ती काचेवर भरता येत नाही. कागदावर छाप उतरला की बारीक कुंचल्यानं, काळ्या शाईनं एकेक केस काढावा लागतो. किती मिशा मी या हातानं भरल्या असतील! एकदा एका बाईनं आपल्या नवऱ्याचा फोटो घरी नेला आणि तासाभरानं परत आणून दिला. म्हणाली, “वैनी, चुकून कोना दुसऱ्याचा दिला तुमी.”

आमच्याकडे एक काळा कोट होता. शहापूर, किन्हवली, मुरबाड, इकडच्या शेकडो पुरुषांनी फोटोत तोच कोट घातला आहे. बारीक माणूस असला की यजमान मागून टाचण्या लावून कोट आवळायचे, जाडा असला की पाठीवरची उसवलेली शिवण उघडी सोडायचे. पुढून सगळे सारखेच भारदस्त. गुडघ्यांवर मुठी, छाती पुढे, ओठ मिटलेले. हसायचं नाही. हसणं बायका-पोरांचं. श्वास असा रोखून धरायचे की फोटो झाल्यावर कधी कधी खोकल्याची उबळ यायची.

कुटुंबाचा फोटो असला तर पुरुष मधोमध, पोरं आईला चिकटून कडेला. बापानं आपलं मूल मांडीवर घेतलंय असा फोटो मी पहिल्या सहा-सात वर्षांत एकही रिटच केला नाही. वडीलधाऱ्यांसमोर आपल्या मुलाला उचलायची रीतच नव्हती. पोर रांगत पायाशी आलं तर बाप पाय बाजूला घ्यायचा आणि बायकोला हाक मारायचा. त्याला माया नव्हती असं नाही. पण ती दिसली तर लोक काय म्हणतील, याची धास्ती होती.

माझा दीर माझ्याच वयाचा. सासूबाई तो अंगावर पीत होता तेव्हाच गेल्या होत्या. घरात मी आले तेव्हा त्याला पहिल्यांदा कुणीतरी गरम भाकरी वाढणारं मिळालं, असं तो मला चिडवत म्हणायचा. अंगानं तो थेट मामंजींवर गेला होता. तसेच खांदे, तशीच मान. स्वभाव मात्र कुणावर गेला होता कोण जाणे. सारखा हसणारा, गात फिरणारा. मामंजींचा जीव त्याच्यावर होता, पण ते त्याला कधी नीट नावानं हाक मारत नसत. “ए पैलवान” म्हणायचे. त्या दोन शब्दांतच काय ते सगळं.

त्याचं लग्न किन्हवलीकडच्या मुलीशी झालं आणि तो कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर लागला. मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. फौजेत मोटार चालवायला माणसं घेतात असं त्याला तिथंच कळलं. घरी न विचारता त्यानं परस्पर नाव दिलं आणि कल्याणहूनच गेला. चार दिवसांनी पत्र आलं. यजमानांनी ते ओटीवर वाचून दाखवलं. माझी जाऊ तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. ती आत येऊन चुलीपुढे बसली. मामंजी मात्र उठले आणि आळीत सांगत सुटले, “माझा धाकटा लढाईवर गेला.” त्या दिवशी ते गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले.

खालच्या आळीतली दोन मुलंही फौजेत होती. ती रजेवर आली तेव्हा आमच्याच खोलीत त्यांनी फोटो काढले. खाकी कपडे, कमरेला पट्टा, डोक्यावर तिरकी टोपी. त्यांना काळा कोट नको होता. एकानं तर फोटोआधी मिशी काढून टाकली, कारण साहेबासारखं दिसायचं होतं. मामंजींनी ते दोन्ही फोटो खालच्या आळीत भिंतीवर लागलेले बघितले. घरी आल्यावर म्हणाले, “आपल्या पैलवानाचा फोटू लागंल तेव्हा हे दोगं झुरळागत दिसतील.” ज्या खोलीचा राग होता, तिच्याकडून त्यांना आता काहीतरी हवं होतं. ओटीवरची जागासुद्धा त्यांनी ठरवून ठेवली होती.

दोन वर्षांनी फौजेच्या इस्पितळातून कागद आला. यजमानांनी तो आधी मनात वाचला. मग मामंजींना म्हणाले, “बाबा, तो बरा हाय. घरी येतोय.” कागदाची घडी घालत म्हणाले, “डावा हात नाय ऱ्हायला.”

मामंजी विळ्यानं दोरी कापत बसले होते. ती कापून पूर्ण केली, गुंडाळी करून खुंटीला लावली आणि शेताकडे निघून गेले.

दीर आसनगावच्या स्टेशनवर उतरला. यजमान गाडी जुंपून आणायला गेले होते. अंगणात उतरला तेव्हा मी आधी त्याचा चेहरा बघितला आणि मग नजर खाली गेली. हात खांद्यापासून चार बोटं खाली संपत होता. सदऱ्याची बाही दुमडून टाचलेली होती. तो म्हणाला, “वैनी, भाकरी गरम हाय का?” मी पदर तोंडात कोंबला आणि आत पळाले.

पुढचे आठ दिवस घरात माणसांची रीघ लागली. प्रत्येकाचा प्रश्न एकच. गोळी कुठं लागली? किती जणांना मारलंस? दीर बोलायच्या आत मामंजी म्हणायचे, “गोळी. समोरासमोर.” दोन-तीन दिवस त्यानं ते चालू दिलं. एका सकाळी शाळेचे मास्तर आले होते, तेव्हा मामंजींनी पुन्हा गोळी सांगितली, आणि दीर शांतपणे म्हणाला, “गोळी नाय, मास्तर. पावसात रस्ता खचला आणि ट्रक उलटला. हात खाली सापडला.”

मास्तरांनी विचारलं, “ट्रकमध्ये दारूगोळा होता का रे?”

“बटाटे होते.”

कुणीतरी हसलं. दीरही हसला. मामंजी उठून आत आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि न पिताच खाली ठेवला.

तरी फोटो काढायचा, हे मामंजींनी सोडलं नाही. वडिलांचं मन राखायला दीर खाकी कपडे घालून पडद्यासमोर उभा राहिला. त्या दिवसांत काचा मिळेनाशा झाल्या होत्या. यजमानांकडे चांगल्या चारच उरल्या होत्या, त्यातली एक त्यांनी लावली. फोटो सुरेख आला. मी तो सुकवून मामंजींच्या हातात दिला. त्यांनी अंगठा त्या टाचलेल्या बाहीवर ठेवला, तिथला भाग झाकला आणि उरलेल्या मुलाकडे बराच वेळ बघत राहिले.

दुपारी मी घोडीसमोर काम करत होते. मामंजी त्या खोलीत कधी येत नसत. त्या दिवशी आले आणि दारातच उभे राहिले.

“सूनबाई, तू मिशा भरतेस ना?”

“हो, मामंजी.”

“हात भरशील?”

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या पडद्यावरच्या हंसांकडे बघत म्हणाले, “लोकांसाठी नाय म्हणत मी. मला बगवत नाय.”

मी यजमानांना सांगितलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी भावाच्या फोटोची काच काढून घोडीत उभी केली. नुसत्या कुंचल्यानं हात रंगवला तर तो बाहुल्याचा दिसेल, एवढं आम्हा दोघांनाही कळत होतं. दीर तेव्हा बायको-मुलीला आणायला किन्हवलीला गेला होता. भातकापणीसाठी जाऊ माहेरी राहिली होती. दुसऱ्या दिवशी यजमानांनी खुंटीवरचा भावाचा खाकी सदरा काढला आणि अंगात घातला. तो त्यांना इतका मोठा झाला की मी काळ्या कोटाच्या टाचण्या आणून पाठीमागून आवळला. मग भाऊ जिथं उभा होता तिथंच ते उभे राहिले, तसेच, डावा हात सरळ खाली सोडून.

“तू दाब,” ते मला म्हणाले.

फोटो घ्यायला दाबायचा तो कॅमेऱ्याचा रबराचा गोळा मी आयुष्यात पहिल्यांदा दाबला. काळ्या कापडाखालून मला माझा नवरा उलटा दिसला, पाय वर, डोकं खाली, आणि ढगळ सदऱ्यातला तो बारीक हात. गावानं ज्याला कधी गडी म्हटलं नाही, तो माणूस आपला हात भावाला देत होता आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हता.

तो हात मी कागदावरून कात्रीनं कापला. कडा खरवडून पातळ केल्या, दिराच्या फोटोवर चिकटवला, सांध्यावर सावल्या भरल्या. मग त्या जोडलेल्या फोटोचा पुन्हा फोटो घेतला. तेवढ्यासाठी आणखी एक काच गेली. शेवटचा छाप पाण्यातून काढला तेव्हा जोड कुठं आहे ते मलाच सापडेना. मामंजींनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा सैल पडला. स्वतः खिळा ठोकून त्यांनी तो ओटीवर, ठरलेल्या जागी लावला.

चौथ्या दिवशी दीर परत आला. जाऊबरोबर होती आणि त्यांची दीड वर्षांची मुलगी. गाडीतून उतरून तो ओटीवर आला, टोपी काढली आणि भिंतीपुढे थांबला. मी दाराआड होते. यजमान ओटीवर, मामंजी पायरीवर बसलेले. दीर फोटोच्या अगदी जवळ गेला.

“वैनी,” त्यानं हाक मारली. “बाहेर ये गो. हा हात दादाचा हाय ना?”

मी बाहेर आले.

“नखं बग,” तो म्हणाला.

मी बघितलं. काचा धुण्याच्या औषधानं यजमानांची नखं कायमची काळी पडलेली असायची. सगळे वण, सगळ्या सावल्या मी सांभाळल्या होत्या आणि रोज दिसणारी नखं मला दिसलीच नव्हती. दिराला हसू आलं. मोठ्यानं हसला तो, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. भावाकडे वळून म्हणाला, “दादा, एवडा बारीक हात मला कसा शोभंल रे?”

यजमान खाली बघत म्हणाले, “जाडा कुठनं आणू?”

मामंजी उठले. “मी करायला सांगितला. त्यांना काय बोलू नको.”

“कोनाला काय बोलत नाय, बाबा.” दीर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “पण हा जो भिंतीवर हाय ना, तो घरी नाय आला. मी आलोय.”

अंगणात त्याची मुलगी कोंबडीमागे धावत होती. तो खाली उतरला, वाकला आणि एका हातानं तिला उचलून छातीशी धरलं. समोरच्या ओट्यावर तीन म्हातारे बसलेले. पाण्याला निघालेल्या बायका थबकल्या. माझ्या जावेनं पदर पुढे ओढला.

“पोरीला खाली ठेव,” मामंजी हळू आवाजात म्हणाले. “चार मानसांदेखत बाप असा…”

“मला एकच हात हाय,” दीर म्हणाला. “त्यात काय घ्यायचं ते मी ठरवीन.”

मग त्यानं हाक मारली, “दादा, चल. आता घे माझा फोटू.”

यजमानांकडे आता एकच काच उरली होती. त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही. दीर खुर्चीवर बसला, मुलगी मांडीवर. पावडर नाही, टोपी नाही. बाहीची टाचणी निसटली होती, ती तशीच. यजमान कापडाखाली गेले तसं पोरीनं बापाचा कान धरून ओढला आणि तो मोठ्यानं हसला. गोळा नेमका त्याच वेळी दाबला गेला. पोरीचा हात फोटोत हलला आहे. बापाचे सगळे दात दिसताहेत. मी जावेला विचारलं, “पोरीचा हात नीट करू का गो?” तिनं फोटो उजेडात धरला, रिकाम्या बाहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “नको, बाई. आता कोनाचाच हात नको करूस.”

मामंजी तीन-चार दिवस पहाटेच शेताकडे जायचे ते अंधार पडल्यावर परतायचे. भिंतीवरचा फोटो तसाच होता. पाचव्या दिवशी मी मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होते. बाकीचे खळ्यावर गेले होते. मामंजी येऊन जात्याजवळ बसले. त्यांना काहीतरी सांगायचं आहे हे मला कळलं, म्हणून मी सूप खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर ते उठून गेले असते.

“तुझी सासू गेली तेव्हा हा सा महिन्यांचा,” ते म्हणाले. “कोनाचं ऐकायचा नाय. बायांनी घेतला की रडायचा. माझ्या छातीवर घातला की गप. मग मी त्याला घ्यायचो. सारी दुपार घेऊन हिंडायचो घरात.” त्यांनी जात्याचा खुंटा नीट बसवला. “दार लावून.”

मी पाखडत राहिले.

“थोरला दाराशी बसायचा. कोन आलं की कडी वाजवायचा. मग मी ह्याला पाळण्यात टाकायचो आनि बाहेर येऊन मिशीला पीळ देत उभा ऱ्हायचो. हा आत वरडत असायचा.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पसरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. “त्याचं ते वरडनं अजून ऐकू येतं मला.”

माझे यजमान तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील. त्यांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. पुढे मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, “बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं.”

त्या संध्याकाळी मामंजींनी ओटीवरचा फोटो उतरवला. मला वाटलं चुलीत घालतील. मी म्हटलं, “माझ्याकडे द्या, चौकटीची काच परत वापरता येईल.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं तो पुसला.

“नको. ऱ्हाऊ दे माझ्या पेटीत,” म्हणाले. “दोनी पोरं एका फोटूत हायेत.”

रिकाम्या खिळ्यावर त्यांनी मुलीचा आणि बापाचा हसरा फोटो स्वतः आणून लावला. खालच्या आळीतले लोक बघायला आले. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पाठीमागे बोलले असतील. पण महिनाभरानं त्यातलाच एक जण आपला नातू मांडीवर घेऊन आमच्या खोलीत बसला. आजोबाला चालतं, असं म्हणाला. मग त्याचा मुलगा आला, तेच पोर मांडीवर घेऊन.

दिराला कामाची चिंता होती. रेल्वेत परत घेतील असं वाटत नव्हतं, नांगर धरता येत नव्हता. यजमान त्याला म्हणाले, “गोळा दाबायला एकच हात लागतो.” लढाई संपून काचा मिळू लागल्या तसं त्यांनी त्याला सगळं शिकवलं. काच बसवताना तो चौकट गुडघ्यांत धरायचा. सुरुवातीला चार-पाच फुटल्या. मग जमलं. मुरबाडला बाजाराच्या दिवशी यजमान पूर्वी अधूनमधून जायचे, आता तिथं दिरानं एक पडवी घेऊन पडदा लावला. रंगवलेला जिना त्याला आवडत नसे. त्यानं साधा राखाडी पडदा केला. काळा कोट शहापुरातच राहिला आणि पुढे त्याला कसर लागली.

मुरबाडला येणारी तरुण पोरं वेगळीच होती. कुणी गिरणीत लागलेला, कुणी रेल्वेत. मधोमध भांग, खिशाला पेन, कुणाची पांढरी टोपी आणि जाडी खादी. दोन मित्र यायचे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे. पण समोर कॅमेरा आला की तीही लाकडासारखी व्हायची. दीर कापडाखालून बाहेर यायचा, आपली रिकामी बाही हलवून म्हणायचा, “एवडं आवळून धरू नका रे, माझा हात तर सुटलाच.” आधी ती दचकायची, मग हसायची. तेवढ्यात फोटो होऊन जायचा. माझ्याकडे ते चेहरे काचेतून यायचे तेव्हा पेन्सिल लावायला मला फारसं काही उरत नसे. मिशी भरायला सांगणारे कमी होत गेले. कुंचल्याची शाई बाटलीत वाळली.

मामंजी म्हातारे झाले होते, पण बाजाराच्या दिवशी पहाटे गाडीत बसून मुरबाडला जायचे. गिऱ्हाइकांना रांगेत बसवायचं, आरसा धरायचा, पोरांना पाणी द्यायचं, हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. मीही कधी कधी जायचे. आता पुरुष आले की आत पळायची सवय मोडली होती.

अशाच एका बाजाराला डोंगराकडच्या पाड्यावरचा एक माणूस सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला. अंगानं दांडगा, खांद्यावर कांबळं. मुलीची आई गेल्या पावसाळ्यात गेली होती. दोघांचा फोटो हवा होता. चालून आल्यानं मुलीचे केस पार विस्कटले होते. मी पुढे झाले आणि म्हटलं, “आणा, मी विंचरते.”

“नको, बाय,” तो म्हणाला. “ती माझ्याबिगर कोनाला हात लावू देत नाय.”

त्यानं कमरेच्या पिशवीतून लाकडी फणी काढली आणि पडवीच्या पायरीवर मुलीला पुढ्यात घेऊन बसला. भर बाजारात. माणसं बैल घेऊन समोरून जात होती. त्याची बोटं जाडजूड, वेणीचा एक पेड धरला की दुसरा सुटायचा. पहिली वेणी वाकडी झाली. त्यानं ती सोडली आणि पुन्हा सुरू केली. मामंजी त्याच्यासमोर खाली बसले आणि आरसा धरला. मुलीची तांबडी फीत हरवू नये म्हणून ती त्यांनी दातांत धरून ठेवली होती.

ऊन पडवीतून सरकायला लागलं होतं. दीर कॅमेऱ्याजवळून म्हणाला, “बाबा, जरा लवकर. उजेड चाललाय.”

मामंजींनी तोंडातली फीत काढली.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “वेणी होऊ दे त्याची.”